बसणाऱ्याचा डावा

सातव्या वर्कशॉपातल्या माणसानं आराखडा उलटा धरला आणि विचारलं, "हे वर लावायचंय का? दुकानावर?"

"लावायचं नाहीये, उडवायचंय," धाकटी म्हणाली.

तो माणूस लोखंडी कपाटं आणि फाटकं बनवायचा. त्यानं आराखड्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि मग तिच्यामागे पर्स पोटाशी धरून उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. निदान ही तरी वयानं मोठी आहे, हिला तरी काही कळत असेल, अशी ती नजर होती. आईनं छताकडे बघायला सुरुवात केली. त्यानं कागद दोन्ही हातांनी परत दिला आणि उद्यापासून दुकान बंद असतं असं सांगितलं. किती दिवस, ते सांगितलं नाही.

बाहेर येऊन आईनं पर्समधली वही काढली आणि सातव्या नावावर काट मारली. वही तिचीच होती, नावंही तिनंच जमवली होती, आणि या गोष्टीचा तिला स्वतःचाच भयंकर राग येत होता.

कारण ज्याला दोघी शोधत होत्या तो माणूस मिळूच नये, असंच तिला वाटत होतं.

धाकटी तेहेतीस वर्षांची, दादाच्या पाठची. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी पोहायला जाते म्हणून सांगून ती विमान चालवायला शिकली होती, आणि आईला हे कळलं ते परवान्यावरचा फोटो बघून. तो धक्का पचतो न पचतो तोच अकरा लाकडी खोकी घरी आली. कुणीतरी हौसेनं दोन माणसांचं छोटं विमान घरी बांधायला घेतलं होतं, आणि मध्येच कंटाळून सोडून दिलं होतं. ते अर्धवट विमान धाकटीनं विकत घेतलं. बाबांची गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामंच होतं. तिथे कपडे धुवायचं मशीन भिंतीला सरकवून, इस्त्रीचं टेबल उभं करून, खोकी एकावर एक रचली गेली. त्या दिवसापासून आईला कपडे धुवायला जाताना एका पंखाला वळसा घालावा लागायचा.

"कोण बांधणार हे?" तिनं विचारलं होतं.

"मी."

नियमही तसाच होता. घरी बांधलेल्या विमानाचं अर्ध्याहून जास्त काम बांधणाऱ्यानं स्वतःच्या हातांनी केलेलं असलं पाहिजे. मात्र प्रत्येक टप्प्यावर परवानाधारक जाणकारानं ते तपासून सही केली पाहिजे. म्हणजे आयतं करून घ्यायचं नाही आणि एकट्यानंही करायचं नाही. असला नियम आईनं जन्मात ऐकला नव्हता, आणि ती एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात बसून लोकांना नियमच सांगत आली होती.

तेव्हा तिनंही आपला एक नियम घातला. एका वर्षात पहिल्या टप्प्याच्या कागदावर जाणत्या माणसाची सही दिसली पाहिजे. नाही दिसली तर खोकी गॅरेजबाहेर, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही. धाकटी हसून म्हणाली, वर्ष कशाला, महिन्याभरात मिळेल कुणीतरी. आईनं जग पाहिलं होतं. नळाची गळती थांबवणारा माणूस महिन्याभरात मिळत नाही, ही विमान बांधायला माणूस शोधणार.

पण घोळ असा झाला, की वाईट शोधणं आईला जमेना. उभ्या आयुष्यात तिनं कधी अर्ध्या मनानं काही शोधलं नव्हतं. कुणी पुस्तकाचं नाव अर्धवट सांगितलं, रंग तेवढा सांगितला, तरी ते हातात दिल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. धाकटी दोन ठिकाणी फोन करून 'नाही म्हणाले' असं सांगून गप्प बसली, तेव्हा तिच्या शोधण्याची ती पद्धत बघूनच आईचं डोकं फिरलं. असं शोधतात का, म्हणून तिनं वही काढली, रकाने आखले, आणि मग तीच खेटे घालायला लागली.

गाड्यांचे पत्रे ठोकणारा एकजण भेटला. तो एका पायावर तयार होता. कंपनीपेक्षा जाड पत्रा वापरू, म्हणाला, असं दणकट करून देतो की भिंतीवर आदळलं तरी काही होणार नाही. भिंतीवर आदळायचा विचार नाहीये, विमान दणकट नाही, हलकं लागतं, असं धाकटीनं समजावलं. त्याचा चेहरा पडला. "हलकं काम आपण करत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या परीनं तो अपमान झाला.

इमारतीत हवा खेळवायचे पत्र्याचे मोठे नळ बनवणारा दुसरा एक तीन आठवडे रोज 'पाच मिनिटांत पोचतो' असं फोनवर सांगत राहिला. होड्या बांधणाऱ्याचा हात खरोखर चांगला होता, पण त्याला सगळी खोकी त्याच्याकडे टाकून यायला हवी होती, आणि दोघींनी पुन्हा तोंड दाखवायचं नव्हतं. मालकानं मध्ये मध्ये केलं की काम नासतं, असं त्याचं मत. काचेची दारं असलेली, विमानांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी होती. तिथे थंड खोलीत बसवून त्यांनी आधी एक पत्र मागितलं, मग दुसरं पत्र मागितलं, मग तिसऱ्या पत्रात हे विमान उडवलं जाणार नाही अशी हमी मागितली. हेच काम शिकवणारं एक खास वर्कशॉप होतं, पण ते परदेशात, आणि तिथे दोन वर्षांची रांग.

"मला विचाराल तर—" बाबा एकदा पेपरमागून म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलेलं नाहीये," दोघी एकदम म्हणाल्या. त्या वर्षात दोघींचं एकमत झालेली ती एवढीच गोष्ट.

मिस्त्री सापडले ते आठव्या महिन्यात, आणि तेही आईलाच. धाकटीचा विसरलेला चष्मा द्यायला ती हॉस्पिटलात गेली होती. फाटकाशी एक रुग्णवाहिका उभी होती आणि तिच्या मागच्या दाराला हातभर पत्र्याचं ठिगळ होतं. आईनं एकतीस वर्षं बांधणीला गेलेली पुस्तकं तपासून घेतली होती. कुठल्या बांधणीवाल्याचा दोरा सरळ आहे, कोण कोपरा नीट दुमडतो, हे तिला लांबून कळायचं. त्या ठिगळाच्या चारी बाजूंना पत्रा जोडणारे रिव्हेट होते, आणि ते टंकलेखनातल्या टिंबांसारखे एका ओळीत, एका अंतरावर, एका उंचीचे होते. तिनं त्यावरून बोट फिरवलं. एकही बोटाला अडकला नाही.

पुढे चालत जावं, हे काही पाहिलंच नाही असं धरावं, असं तिच्या मनात आलं. ती हॉस्पिटलच्या पायऱ्यांपर्यंत गेलीही. मग स्वतःवरच वैतागून मागे वळली आणि ड्रायव्हरला विचारलं, "हे कुणी केलंय हो?"

बस डेपोच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड होती. आत एक लांब बाक, पत्रा कापायची मोठी पायदाबाची कात्री, भिंतीवर बाह्यरेषा काढून टांगलेली हत्यारं. एक हत्यार जागेवर नसलं तर त्याची नुसती रेषा दिसायची, आणि मिस्त्री ते सापडेपर्यंत दुसरं काम करायचे नाहीत. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटकुळे, चष्मा दोरीनं गळ्यात, पोलादी पट्टी डाव्या मोज्यात खोचलेली. सव्वीस वर्षं मोठ्या विमानांचे पत्रे दुरुस्त करण्यात गेली होती. आता रुग्णवाहिका, बसची दारं, असलं काय काय. सही करण्याचा परवाना मात्र त्यांनी चालू ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो कॅलेंडरशेजारी टांगला होता. का चालू ठेवला, असं आईनं विचारलं तर म्हणाले, "बंद करायला कुणी सांगितलं नाही."

त्यांचा डावा कान हातोड्यांच्या आवाजानं गेला होता. त्यामुळे बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहावं लागे, आणि आई दर वेळी नेमकी चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. तिचं अर्धं बोलणं त्या शेडमध्ये वाऱ्यावर जायचं.

त्यांनी धाकटीला भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा दिला आणि साबणाच्या वडीएवढी डबी करून आणायला सांगितली. धाकटी चार दिवस राबली. मिस्त्रींनी डबी प्रकाशात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि एक शब्द बोलले.

"परत."

पाच डब्या झाल्या, पाच वेळा 'परत'. चौथ्या वेळेला आईनं विचारलं, अहो, पण यात चुकलंय काय ते तरी सांगा. मिस्त्री म्हणाले, ते तिला माहीत आहे. आणि वैताग असा, की तिला माहीत होतं. धाकटी ओठ आवळून स्कूटरवर बसली. सहावी डबी मिस्त्रींनी नुसती बाकावर ठेवली आणि त्यात स्वतःचे स्क्रू टाकले.

"शनिवार-रविवार या. आठ वाजता. आठ म्हणजे आठ."

अटी त्यांनी उभ्या उभ्याच सांगितल्या. चहा शेडबाहेर. पेन्सिल शेडमध्ये आणायची नाही, तिच्या रेघेनं ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. खूण करायची ती मार्कर पेननं. मोठा पत्रा कात्रीवर ते स्वतः कापतील, कारण कात्री त्यांची आहे आणि तिनं एकदा एकाचं बोट नेलंय. बाकी हात धाकटीचे. मोजणं, आखणं, कुठला भाग कुठला ते लिहिणं, सगळं घरच्यांनी करायचं. "मी बांधणार नाही. मी शेजारी उभा राहणार," ते म्हणाले.

घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा आई पण जायला लागली. शेपटीची खोकी टेम्पोनं शेडमध्ये आली, आणि तिला कोपऱ्यात एक स्टूल मिळालं. दुसऱ्याच रविवारी तिच्या लक्षात आलं, की खोक्यांमधल्या भागांवरची जुन्या मालकाची चिठोरी निम्मी पुसली गेलीत आणि उरलेली निम्मी खोटी आहेत. बिनयादीचं सामान बघून तिचे हात शिवशिवायला लागले. तिनं नोंदवही केली, पांढरी चिकटपट्टी आणली, आणि आराखडा भिंतीला लावून एकेका भागाला नंबर, नाव, डावं की उजवं अशी पट्टी चिकटवायला घेतली. पहिल्यांदा शेपटी. घरात मसाल्याच्या डब्यांपासून औषधांच्या बाटल्यांपर्यंत तिच्या गोल, सुटसुटीत अक्षरातल्या पट्ट्या होत्याच. त्यांची खानेसुमारी आता विमानापर्यंत आली. मिस्त्रींनी एक पट्टी वाचून मान हलवली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. त्या शेडमध्ये तोवर कुणाची एवढी स्तुती झाली नव्हती. धाकटी दिवसभर धुसफुसत होती.

असे तीन महिने गेले. रिव्हेट ठोकताना धाकटी एका बाजूनं यंत्र धरायची, मिस्त्री दुसऱ्या बाजूनं लोखंडी ठोकळा. थडथड आवाज व्हायचा, मग मिस्त्री बघायचे, मग कधी मान हलायची, कधी 'परत'. आईला त्या शब्दाचा इतका उबग आला होता, की घरी बाबांनी परत चहा मागितला तरी ती अंगावर यायची.

वर्ष संपायला तीन आठवडे उरले असताना, एका रविवारी सकाळी शेपटीचा सांगाडा टेकूच्या दोन लाकडी घोड्यांवर चढवला. शेपटीच्या आडव्या पंखामागे दोन हलणारी पाती असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. फक्त डाव्याला तळाशी एक चौकोनी खिडकी असते, आतली छोटी मोटर बसवायला. मिस्त्रींनी ती महिन्यापूर्वी कापली होती, आणि त्यानंतरचे सगळे रविवार धाकटीनं त्या पत्र्याला आतून पट्ट्या रिव्हेट करण्यात घालवले होते. ते पातं तिनं उचललं, जागेवर नेलं, आणि थांबली. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. डाव्या बाजूला धरलं तर खिडकी तळाशी न येता वर आभाळाकडे येत होती. खिडकी खाली ठेवायची, तर पातं उजवीकडेच बसत होतं.

धाकटीनं हातमोजे एकेक बोट सोडवत काढले.

"मिस्त्री, हे डावं नाही."

मिस्त्री आले. पातं बघितलं, सांगाडा बघितला. मग त्यांचं बोट पत्र्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊन थांबलं. 'डावे पाते, खालचा पत्रा.' गोल, सुटसुटीत अक्षर.

आईला तो दिवस लख्ख आठवला. दुसरा रविवार. भिंतीवर आराखडा, जमिनीवर पसरलेले पत्रे, आणि ती त्यांच्यासमोर उभी, विमानाच्या नाकाच्या बाजूला, कपाटासमोर उभं राहावं तशी. कपाटाचं डावं दार म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताचं दार. एकतीस वर्षं तिच्या डाव्या कप्प्यात डावीकडचीच पुस्तकं होती. तिच्या डाव्या हाताला जे होतं, त्यावर तिनं 'डावे' लिहिलं, आणि आत बसणारी मुलगी तिच्याकडे तोंड करून बसणार आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींनी नखानं पट्टी सोडवली, तिची घडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"माझी चूक," ते म्हणाले. "कापायच्या आधी मी बघायला हवं होतं."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हॉस्पिटलात पेशंटशी बोलते तशा आवाजात बोलली. नवा पत्रा मागवावा लागेल, तो यायला दहा-बारा आठवडे, ते ठीक आहे. पण ज्याला डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कापून झाल्यावर कळतं, त्यानं सव्वीस वर्षं केलं काय, हे तिला कळत नव्हतं. आज थांबू या, असं तिनं सांगितलं, आणि आपली हत्यारं पिशवीत भरली.

स्कूटरवर मागे बसून आईनं सगळा रस्ता शब्द जुळवले. घराच्या फाटकाशी धाकटीनं हेल्मेट काढलं. "जिंकलीस तू," ती म्हणाली. "त्या माणसाच्या सहीवर भरवसा ठेवून मी वर जाणार नाही. तीन आठवड्यांनी खोकी उचलायला कुणाला तरी बोलाव."

आणि आईनं जुळवलेले शब्द गिळले.

सोमवार, मंगळवार, बुधवार असेच गेले. घरात हवं तसं झालं होतं. गॅरेजमधून ड्रिलचा आवाज नाही, जेवणाच्या टेबलावर स्क्रू नाहीत. धाकटी कामावरून यायची, जेवायची, खोलीत जायची. घरात किती शांत वाटतंय, असं बाबा म्हणाले, आणि आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पेपर पुन्हा उघडला. नुसतं गप्प राहायचं होतं. खोटं बोलायचंही नव्हतं. मुलगी जमिनीवर राहणार होती, धडधाकट, रोज संध्याकाळी साडेसहाला घरी. यापेक्षा आणखी काय मागायचं असतं? ती मसाल्याचे डबे पुसायला बसली, आणि प्रत्येक डब्यावरनं तिचं अक्षर तिच्याकडे बघायला लागलं.

सगळ्यात संताप येत होता तो मिस्त्रींचा. कुणी सांगितलं होतं या माणसाला मोठेपणा करायला? चूक तिची, पट्टी तिची, आणि खिशात घालून हा मोकळा. गुरुवारी बाबांना भाजी आणते म्हणून सांगून ती तडक डेपोमागच्या गल्लीत गेली.

मिस्त्री बसच्या दारावर वाकले होते. तिनं जवळ जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं: पट्टी मी लावली होती, समोरून बघून लावली होती, मुलीला अजून सांगितलेलं नाही. मिस्त्री शांतपणे रिव्हेट मोजत राहिले.

ती डाव्या बाजूला उभी होती.

तिला रडावं की हसावं कळेना. ती दाराला वळसा घालून उजवीकडे गेली आणि तेच सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते दुप्पट वाईट ऐकू आलं.

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "अक्षर वाचता येतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कात्री माझी. पट्टी कुणाचीही असो, कात्री चालवणाऱ्यानं आधी बघायचं. मी अक्षर बघितलं आणि पत्रा बघितला नाही."

"अहो, पण ती तुम्हाला सोडून चाललीये. तिला दुसरं कोण मिळणार?"

"कोणी नाही," मिस्त्री म्हणाले. त्यात फुशारकी नव्हती. तिच्या वहीतली काट मारलेली नावं त्यांनी पाहिली होती. चष्मा दोरीवर सोडून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला तेच पाहिजे ना, बाई? तुम्ही त्या स्टुलावर बसता आणि प्रत्येक रिव्हेटला डोळे मिटता. मला वाटलं, मी गप्प बसलो तर तुमचं काम होईल."

आईनं हो म्हणावं तर ते खरं होतं, आणि नाही म्हणावं तर तेही खरं होतं.

"मला ती नीट राहायला हवी आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि असं नको आहे. असं गप्प बसून नको."

मिस्त्रींनी तिचं स्टूल उचलून शेपटीच्या सांगाड्याच्या पुढे नेऊन ठेवलं, सांगाडा पाठीशी येईल असं. "बसा. तोंड तिकडे, दाराकडे. विमान जिकडे जाणार, तिकडे. आता डावा हात वर करा."

एकसष्ट वर्षांची बाई, भाजीची रिकामी पिशवी मांडीवर, पत्र्याच्या शेडमध्ये हात वर करून बसली.

"हा डावा," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही पुढे जाऊन उभ्या राहा, मागून बघा, खाली पडून बघा. डावा हाच. विमानाला बघणाऱ्याचा डावा नसतो. बसणाऱ्याचा असतो." त्यांनी सांगितलं, की विमानांच्या हँगरमध्ये नवीन माणसाला पहिल्या दिवशी असंच बसवायचे. तिला बसवायचं राहिलं, कारण तिचं अक्षर बघून त्यांना वाटलं, हिला सगळं येत असणार.

त्या संध्याकाळी जेवताना आईनं सांगून टाकलं. धाकटीचा घास हातातच राहिला.

"चार दिवस?" ती म्हणाली. "चार दिवस तू गप्प बसलीस?"

"चार दिवस."

"आणि मी त्या माणसाला काय काय बोलले."

"निम्मं ऐकू आलं नसेल त्यांना," बाबा म्हणाले, आणि या वेळी कुणी त्यांना गप्प केलं नाही.

धाकटी उठली, गॅरेजपर्यंत गेली, परत आली. तिला राग कुठून काढायला घ्यावा ते कळत नव्हतं. "मला आणि दादाला जन्मात कधी डावं-उजवं केलं नाहीस तू," ती म्हणाली, "ते नेमकं इथे करायचं होतं?" आणि मग तिला स्वतःलाच हसू फुटलं, पण ते पुरतं हसू नव्हतं, आणि ती ताट तसंच ठेवून खोलीत गेली.

दार लागायच्या आत आईनं विचारलं, "पत्रा यायला बारा आठवडे ना?"

"हो. आणि तुझे उरलेत अडीच."

"माझं वर्ष आहे," आई म्हणाली. "उरलेले आठवडे पत्रा आल्यापासून मोजीन." तिला हे बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेलं ते गेलं.

रविवारी दोघी आठला शेडमध्ये होत्या. धाकटीनं मिस्त्रींच्या उजव्या बाजूला जाऊन माफी मागितली. मिस्त्री म्हणाले, ठीक आहे, आणि तिच्या हातात ड्रिल दिलं. चुकलेल्या पत्र्यातून जेवढ्या पट्ट्या वाचवता येतील तेवढ्या वाचवायच्या होत्या. मग ते आईकडे वळले, भिंतीलगत रचलेल्या सगळ्या भागांकडे बोट दाखवलं, आणि तिला माहीत असलेला शब्द बोलले.

"परत."

"सगळ्या?" आईनं विचारलं.

"सगळ्या. बरोबर असतील त्यापण."

आईचा संताप संताप झाला. शंभराच्या वर पट्ट्या. तिनं स्टूल ओढत सांगाड्यापुढे नेलं, दाराकडे तोंड करून बसली, आणि पहिला भाग मांडीवर घेतला. जुनी पट्टी सोलली. मार्करचं टोपण दातांनी काढलं. मग डावा हात वर केला, तो कुठल्या बाजूला आहे ते नीट बघितलं, आणि तो तसाच वर ठेवून उजव्या हातानं लिहायला लागली.

"आई," ड्रिलमागून धाकटी म्हणाली, "काही विचारायचंय का?"

विचारायचं पुष्कळ होतं. वर किती गार असतं, इंजिन बंद पडलं तर पहिलं काय करतात, बाजूच्या सीटवर कोण बसणार.

"तू काम कर," आई म्हणाली. "एकेक विचारते." आणि हात खाली न घेता तिनं पुढचा भाग ओढला.